परीक्षेचाही हंगाम असतो

मुरुडच्या बागायतदाराला कोणी विचारावे, की सुपारी कधी उतरवायची, वाल कधी पेरायचा, राब कधी भाजायचा? तो हातातले काम न थांबवता सांगेल. एकदऱ्याच्या किंवा राजपुरीच्या कोळी बांधवाला विचारावे, की आज भरती किती वाजता आणि उधाण कधी? तो आकाशाकडे न बघता सांगेल. हे ज्ञान कोणत्या पुस्तकात वाचून आलेले नसते. ते घरात असते, अंगणात असते, आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून मुलाकडे आलेले असते.

पण त्याच घरात बारावीला शास्त्र शाखेत शिकणारे मूल असेल आणि त्याच्या बापाला विचारले, "नीटचा अर्ज कधी भरतात? सीईटी कधी असते?" तर तो गप्प होतो. कारण हे ज्ञान आजोबांकडून आलेले नाही. ते कोणीतरी बाहेरून आणून द्यावे लागते.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. वैशाखातले ऊन. मुरुडच्या बाजारात ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानाच्या पायरीवर आमच्या ओळखीचे एक बागायतदार आणि त्यांची मुलगी बसली होती. घरी थोडी पोफळी, थोडे माड, दोन म्हशी, चार शेळ्या. मुलगी हुशार. लहानपणापासून गोठ्यात रमणारी. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचे होते. बारावीचे पेपर बरे गेले होते. निकाल लागला की अर्ज भरू, असे घरात सगळ्यांनी धरले होते. निकाल लागला, गुण चांगले आले, पेढे वाटून झाले, आणि बापलेक अर्ज भरायला आली. दुकानातल्या मुलाने सांगितले, "काका, नीटचा अर्ज मार्चमध्येच बंद झाला. परीक्षासुद्धा होऊन गेली. सीईटीही संपली."

मुलगी रडली नाही. नुसती हातातल्या गुणपत्रिकेकडे बघत राहिली. बाप मला म्हणाला, "भाऊ, समुद्राची भरती-ओहोटी मला तोंडपाठ. पंचांग घरात टांगलेलं. पण हे दुसरं पंचांग आम्हाला कुणी दिलंच नाही."

ते दुसरे पंचांग वाचकांच्या हाती द्यावे, एवढ्यासाठी हा लेख.

गुणांचे दिवस गेले

जुन्या पिढीच्या मनात अजून एक समजूत घट्ट बसलेली आहे. बारावीला गुण मिळाले की डॉक्टरकीला किंवा इंजिनिअरिंगला प्रवेश मिळतो. एके काळी ते खरे होते. बारावीच्या गुणांवरच याद्या लागत. पुढे प्रवेश परीक्षा आल्या आणि चित्र पालटले. त्यातही नियम अनेकदा बदलले. अभियांत्रिकीसाठी २०१४ आणि २०१५ या दोन वर्षी महाराष्ट्राने केंद्राची जेईई मुख्य परीक्षा धरली आणि २०१६ पासून पुन्हा आपली राज्याची सीईटी आणली. वैद्यकीय प्रवेशासाठी नीट ही परीक्षा २०१३ मध्ये प्रथम झाली, मध्ये ती थांबली, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने परत आली. आता देशभर वैद्यकीय प्रवेशाला नीटशिवाय दुसरा दरवाजा नाही.

याचा अर्थ बारावीचे गुण कुचकामी झाले, असा मात्र मुळीच नाही. राज्यातील अभियांत्रिकीसाठी संबंधित विषयांत निदान ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गांना ४० टक्के लागतात. नीटवाल्यांना भौतिक, रसायन व जीवशास्त्र मिळून ५० टक्के, राखीव प्रवर्गांना ४० टक्के लागतात. जेईईच्या मार्गाने एनआयटी किंवा आयआयटीत जायचे तर सर्वसाधारणपणे बारावीला ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ६५ टक्के, अथवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० टक्के मुलांत जागा, अशी अट असते. म्हणजे बारावी हे शेताचे कुंपण आहे आणि प्रवेश परीक्षा हे पीक. कुंपण नसेल तर पीक राहत नाही, आणि नुसत्या कुंपणाने पोट भरत नाही.

कोणता दरवाजा कोणत्या परीक्षेने उघडतो

पहिली आणि आपल्या घरांना सर्वांत जवळची परीक्षा म्हणजे राज्याची एमएचटी-सीईटी. मुंबईचा राज्य सीईटी कक्ष ती घेतो. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी या पदव्यांना ती लागते. पुष्कळ शेतकऱ्यांना वाटते, की कृषी पदवीला सातबारा आणि बारावीचे गुण पुरतात. तसे नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात, म्हणजे १९७२ साली स्थापन झालेल्या आपल्याच विद्यापीठात, बी.एस्सी. कृषी करायचे असेल तरी प्रवेश परीक्षा दिलेली असली पाहिजे. आपल्या जिल्ह्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तिथे अभियंता व्हायचे असेल तर त्याची वाटही प्रवेश परीक्षेतूनच जाते.

या सीईटीचे दोन गट आहेत. एक भौतिक, रसायन, गणित. दुसरा भौतिक, रसायन, जीवशास्त्र. परीक्षा संगणकावर होते. एकूण गुण २००, वेळ तीन तास. भौतिक आणि रसायनाचे पन्नास-पन्नास प्रश्न एकेका गुणाचे. गणिताचे पन्नास प्रश्न दोन-दोन गुणांचे, तर जीवशास्त्राचे शंभर प्रश्न एकेका गुणाचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. अभ्यासक्रमात सुमारे ८० टक्के भार बारावीचा आणि २० टक्के अकरावीचा.

दुसरी परीक्षा नीट. एम.बी.बी.एस., दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी यांना ती लागते, आणि जनावरांच्या डॉक्टरकीलाही हीच परीक्षा लागते. ती वर्षातून एकदाच, साधारण मेच्या पहिल्या रविवारी होते. २०२५ मध्ये ती ४ मे रोजी झाली. १८० प्रश्न, ७२० गुण, तीन तास. पेनाने गोल रंगवायचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्याला एक गुण वजा. येथे अंदाजाने गोल रंगवणे अंगाशी येते. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण झालेली हवीत.

तिसरी जेईई मुख्य. देशातील एनआयटी आणि इतर केंद्रीय अभियांत्रिकी संस्थांसाठी. ही २०१९ पासून वर्षातून दोनदा होते, जानेवारीत आणि एप्रिलमध्ये, आणि दोन्हींपैकी चांगला गुणांक धरला जातो. यातून वरची सुमारे अडीच लाख मुले जेईई ॲडव्हान्स्डला पात्र ठरतात. पवईची मुंबई आयआयटी किंवा इतर कोणतीही आयआयटी हवी असेल तर ती दुसरी पायरी चढावी लागते. ॲडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते.

याखेरीज कलाशाखेच्या आणि वाणिज्यच्या मुलांनी आपल्याला परीक्षा नाही म्हणून निर्धास्त राहू नये. पाच वर्षांच्या कायद्याच्या पदवीला सीईटी आहे. बीबीए, बीसीए अशा अभ्यासक्रमांना राज्याने २०२४ पासून सीईटी लावली. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी आहे. सैन्यात अधिकारी व्हायचे असेल तर एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि २०२१ पासून ती मुलींनाही खुली झाली आहे.

बारा महिन्यांचे पंचांग

आता मुख्य मुद्दा, कोणत्या महिन्यात काय करायचे. तारखा दर वर्षी थोड्या मागेपुढे होतात, म्हणून त्या वर्षाची अधिकृत सूचना पाहावीच. पण हंगाम बहुधा तोच राहतो, जसा पाऊस चार दिवस मागेपुढे झाला तरी मृग हा मृगच.

ज्येष्ठ-आषाढ, म्हणजे जून-जुलै. घरात लावणीची गडबड. मूल अकरावीतून बारावीत आलेले. याच वेळी घरच्या सर्वांनी एक संध्याकाळ बसावे आणि ठरवावे, की कोणत्या परीक्षा द्यायच्या. सगळ्याच द्यायच्या असे करू नये. आणि एकच धरून बसायचे, असेही करू नये. एक मनातली आणि एक आधाराची, अशा दोन पुरेशा असतात.

श्रावण-भाद्रपद. अकरावीचा मागे राहिलेला भाग या दिवसांत उजळून घ्यावा. पावसाने बाहेरची कामे अडतात, दिवस मोकळे मिळतात. गणपतीनंतर वेळ मिळत नाही, हा कोकणातला प्रत्येक घराचा अनुभव आहे.

आश्विन-कार्तिक, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर. शेतात भात कापणी आणि झोडणी. नेमक्या याच दिवसांत बारावी बोर्डाचा अर्ज आणि जेईईच्या जानेवारीच्या परीक्षेचा अर्ज येतो. २०२५ च्या परीक्षेसाठी तो २८ ऑक्टोबर ते २२ नोव्हेंबर २०२४ या काळात भरायचा होता. कापणीच्या घाईत तो निसटून गेला, अशी मुले गावोगाव आहेत.

मार्गशीर्ष-पौष. सीईटीचा अर्ज साधारण डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत सुरू होतो. सुपारी सोलण्याचे दिवस. पोपटीची मडकी लागण्याचे दिवस. मडके लागण्याआधी अर्ज भरून मोकळे व्हावे.

माघ-फाल्गुन. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा. २०२५ साली ती ११ फेब्रुवारीला सुरू झाली. आणि नीटचा अर्जही याच महिन्यात येतो. २०२५ साली ७ फेब्रुवारी ते ७ मार्च. जेईईच्या एप्रिलच्या फेरीचा अर्जही फेब्रुवारीतच. मूल पेपरांच्या धास्तीत असते, म्हणून हा अर्ज भरण्याची जबाबदारी मुलावर टाकू नये. ती आईने किंवा बापाने घ्यावी. आमच्या ओळखीच्या त्या मुलीचे इथेच चुकले. खरे म्हणजे तिचे नाही, आम्हा मोठ्यांचे चुकले.

चैत्र-वैशाख. एप्रिलमध्ये जेईई आणि सीईटी, मेमध्ये नीट. इकडे आंबा उतरतो, काशीदच्या किनाऱ्यावर आणि मुरुडात पाहुण्यांची रीघ लागते, ज्यांच्या घरी खोल्या भाड्याने दिल्या जातात तिथे तर रात्रीचे बारा वाजतात. या दिवसांत मुलाच्या हाताची घराला सर्वांत जास्त गरज असते आणि मुलालाही शांततेची सर्वांत जास्त गरज असते. दोन्ही खरे आहे. ज्या घरात हे आधी बोलून ठरते तिथे भांडण होत नाही. एका वर्षीच्या चार खोल्यांचे भाडे आणि मुलाची पुढची चाळीस वर्षे, असा तो हिशेब आहे.

दोनदा देता येते म्हणून

सीईटी पूर्वी वर्षातून एकदाच असे. २०२६-२७ च्या प्रवेशांपासून अभियांत्रिकी, औषधनिर्माण आणि कृषीची ही परीक्षा दोनदा घेण्याचे राज्याने जाहीर केले. पहिली एप्रिलमध्ये, दुसरी मेमध्ये. पहिली द्यायलाच हवी, दुसरी ऐच्छिक, आणि दोन्हींतला चांगला निकाल प्रवेशासाठी धरायचा.

सोय चांगली आहे. पण सोयीमुळे आळस येतो, तो येऊ देऊ नये. दुबार पेरणी करता येते म्हणून पहिली पेरणी कोणी निष्काळजीपणे करतो का? दुबार पेरणीला बियाणेही दुसरे लागते आणि हंगामही अर्धा निघून गेलेला असतो. तसेच इथे. पहिली सीईटी हीच खरी, असे मानून तयारी करावी. बोर्डाचे पेपर संपल्यावर एप्रिलपर्यंत तीन-चार आठवडे मिळतात. ते पूर्ण हातात घ्यावेत. पहिल्या वेळी मूल आजारी पडले, गाडी चुकली, संगणकासमोर भांबावले, तर दुसरी आहे. आणि पहिली मनासारखी गेली तर मेचा महिना नीटला किंवा विश्रांतीला मोकळा.

जेईईचे गणित निराळे आहे. तिची जानेवारीची फेरी बोर्डाच्या आधी येते. खेड्यातल्या पुष्कळ महाविद्यालयांत बारावीचा अभ्यासक्रम जानेवारीपर्यंत जेमतेम संपतो. म्हणून ज्याचा अभ्यास पुरा झाला आहे आणि ज्याला खरोखरच आयआयटी, एनआयटी गाठायची आहे, त्याने दोन्ही फेऱ्या द्याव्यात. ज्याला महाराष्ट्रातच अभियंता व्हायचे आहे, त्याने जानेवारीच्या धावपळीत बोर्डाचा अभ्यास बुडवू नये. त्याला सीईटी पुरते.

नीटला मात्र वर्षात दुसरी संधी नाही. पुढच्या वर्षी देता येते आणि किती वेळा द्यावी यालाही सध्या बंधन नाही. पण एक वर्ष थांबायचे की नाही, हा प्रश्न भावनेने सोडवू नये. मुलाने एकदा मन लावून दिली आणि थोडक्यात हुकली, तर एक वर्ष थांबण्यात अर्थ आहे. दोनदा झाली, तीनदा झाली आणि गुण तिथल्या तिथेच, तर तो हट्ट सोडावा. खारट जमिनीत तेच बियाणे वर्षानुवर्षे टाकणारा शेतकरी आपण पाहिलेला नाही.

पर्सेंटाइल म्हणजे काय

सीईटीचा निकाल हातात आला की घरात गोंधळ होतो. "मुलाला ८५ मिळाले" असे बाप सांगतो, आणि पुढे कळते की ते गुण नव्हेत. हे पर्सेंटाइल असतात. समजा, एका सकाळी शंभर होड्या निघाल्या आणि आपली होडी किनाऱ्याला लागली तेव्हा ८५ होड्या आपल्या मागे किंवा बरोबरीला होत्या. मग आपले पर्सेंटाइल ८५. आपण किती मैल गेलो हे त्यातून कळत नाही, कितींच्या पुढे आहोत एवढे कळते. परीक्षा अनेक दिवस, निरनिराळ्या पाळ्यांत होते. कोणाला पेपर सोपा जातो, कोणाला अवघड. म्हणून ही पद्धत. आपल्या मुलाचे ८५ आणि गेल्या वर्षी ज्या महाविद्यालयाची यादी ज्या पर्सेंटाइलला थांबली ते आकडे शेजारी ठेवून पाहावे. त्यावरून पसंतीक्रम भरताना अंदाज येतो.

कागदपत्रे आधी, परीक्षा नंतर

परीक्षेत पास झालेली आणि कागदावर नापास झालेली मुले मी पाहिली आहेत. जातीचा दाखला असतो, पण जात वैधता प्रमाणपत्र नसते. ते मिळायला महिने लागतात, जुने पुरावे शोधावे लागतात, आजोबांच्या शाळेचा दाखला काढावा लागतो. हे काम बारावीच्या निकालानंतर सुरू करणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणे. अकरावीत प्रवेश झाला की महाविद्यालयामार्फत त्याचा प्रस्ताव टाकावा. याखेरीज अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, ज्यांना लागू असेल त्यांना नॉन-क्रिमिलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला. नॉन-क्रिमिलेअर आणि उत्पन्नाच्या दाखल्यांना मुदत असते, ती तपासावी.

आणखी एक बारीक गोष्ट. दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव आणि आधार कार्डावरचे नाव एकच असावे. एका जागी बापाचे नाव, दुसऱ्या जागी नाही, आडनावाचे स्पेलिंग निराळे, जन्मतारीख एका दिवसाने चुकलेली, अशा लहान चुकांनी मोठी अडवणूक होते. त्या अकरावीतच दुरुस्त कराव्यात. मोबाइल क्रमांक अर्जावर घरचाच द्यावा, दुकानदाराचा देऊ नये. सगळे निरोप त्याच क्रमांकावर येतात. पासवर्ड एका वहीत लिहून ती वही देवघरात ठेवावी.

मुलींच्या आईवडिलांनी एक गोष्ट नीट ऐकावी. राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये निर्णय काढला. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. यासाठी प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. "पोरीच्या फीला पैसे कुठून आणायचे" या एका वाक्यावर घरी बसलेल्या किती मुली असतील! आता ते वाक्य बोलण्याआधी हा निर्णय आठवावा.

भाषेची अडचण

मराठी माध्यमात दहावी झालेले मूल अकरावी शास्त्रात जाते आणि एकदम इंग्रजी पुस्तकापुढे बसते. पहिले सहा महिने त्याला वाटते, की आपल्याला डोके नाही. डोके असते, शब्द नसतात. पालकांनी त्याला धीर द्यावा. परीक्षांत मराठीची सोय आहे. नीट आणि जेईई मुख्य या दोन्ही मराठीतही देता येतात. राज्याच्या सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मराठीत घेता येते, गणित मात्र इंग्रजीतच असते. पण भाषा अर्ज भरतानाच निवडायची असते. दोन वर्षे इंग्रजी पुस्तकातून शिकलेल्या मुलाने शेवटच्या क्षणी मराठी निवडू नये. पारिभाषिक शब्द अनोळखी वाटतात. आधी दोन-चार जुने पेपर दोन्ही भाषांत सोडवून पाहावेत आणि मग ठरवावे.

क्लाससाठी जमीन विकू नये

लातूरला पाठवावे, पुण्याला ठेवावे, लाखाची फी भरावी, असे सल्ले हल्ली गावातही मिळतात. ज्याला झेपते त्याने पाठवावे. पण बागायत गहाण ठेवून पाठवू नये. क्लास मूल हुशार करत नाही, नियम लावतो. तो नियम घरीही लावता येतो. बोर्डाची पुस्तके, नीट-जेईईसाठी एनसीईआरटीची पुस्तके, मागील वर्षांचे पेपर आणि घड्याळ लावून सोडवलेल्या सराव परीक्षा, एवढी शिदोरी पुष्कळ आहे. आयआयटी कानपूर आणि केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचे 'साथी' नावाचे व्यासपीठ मोबाइलवर फुकट शिकवते. इतर मागास, भटक्या विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी नागपूरची 'महाज्योती' ही शासकीय संस्था दहावीनंतर शास्त्र शाखेत गेलेल्यांना जेईई, नीट, सीईटीचे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते. त्यासाठी टॅब आणि इंटरनेटचा डेटाही देते. तिची जाहिरात दहावीच्या निकालानंतर पाहावी. त्यालाही दाखले लागतात, म्हणजे पुन्हा कागदपत्रे आधी.

संगणकाची सवय हाही अभ्यासच आहे. ज्या मुलाने कधी माऊस हातात धरला नाही, त्याची पहिली दहा मिनिटे घाबरण्यात जातात. शाळेच्या संगणकावर किंवा ओळखीच्या दुकानात तीन-चार सराव परीक्षा देऊन घ्याव्यात.

वादळाच्या वर्षाने काय शिकवले

२०२० हे वर्ष मुरुडकर विसरणार नाहीत. करोनाने सगळ्या परीक्षा पुढे ढकलल्या होत्या. मुले घरी बसून तारखेची वाट बघत होती. आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले. पोफळी काडीसारख्या मोडल्या, माड मुळासकट आले, घरांची कौले उडाली. दिवसचे दिवस वीज नव्हती, मोबाइल मुके झाले होते. वह्या भिजल्या, दाखले भिजले. आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जेईई झाली, १३ सप्टेंबरला नीट, आणि ऑक्टोबरमध्ये सीईटी. ज्या अंगणात वडील पडलेल्या पोफळी तोडत होते, त्याच अंगणात बसून मुलांनी अभ्यास केला.

त्या वर्षाने दोन गोष्टी शिकवल्या. एक, कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावीत आणि एक छायांकित संच मुंबईच्या किंवा अलिबागच्या नातलगाकडे असावा. दुसरी, सगळा अभ्यास शेवटच्या महिन्यावर ठेवू नये. समुद्राकाठी राहणाऱ्याने शेवटच्या महिन्याचा भरवसा धरू नये.

प्रवासाचेही तसेच. परीक्षेचे केंद्र मुरुडात मिळेलच असे नाही. अलिबाग, पनवेल, नवी मुंबई, कुठेही मिळते. साळाव, रेवदंडा, अलिबाग हा रस्ता नेहमीचा, पण सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांच्या गाड्यांनी तो तुंबतो. सकाळची पाळी असेल तर आदल्या दिवशी एसटीने जाऊन नातलगाकडे मुक्काम करावा. सोबत घरातले एक मोठे माणूस असावे. त्याने रस्ताभर अभ्यासाचा प्रश्न विचारू नये.

आणि दरवाजा उघडला नाही तर

हेही सांगितले पाहिजे. परीक्षा दिलेल्या प्रत्येक मुलाला जागा मिळत नाही. न मिळणे म्हणजे आयुष्य बुडणे नव्हे. दहावीनंतरच्या पदविकेला प्रवेश परीक्षा नाही, दहावीच्या गुणांवर ती मिळते. आणि पदविका झाल्यावर तिच्या गुणांवर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. डी.फार्म. बारावीच्या गुणांवर आहे. आयटीआय आहे, बी.एस्सी. आहे. निकालाच्या दिवशी बापाने पहिला शब्द काय उच्चारला, हे मूल जन्मभर लक्षात ठेवते. तो शब्द जपून उच्चारावा.

त्या मुलीचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. त्या वर्षी तिने जवळच्या महाविद्यालयात बी.एस्सी.ला नाव घातले आणि घरी अभ्यास चालू ठेवला. बापाने वाण्याकडून मिळालेले कॅलेंडर भिंतीवर लावले आणि त्यावर लाल पेन्सिलीने खुणा केल्या. अर्ज कधी, पैसे कधी, प्रवेशपत्र कधी. भात झोडणीच्या खुणेशेजारी या खुणा. पुढच्या वर्षी तिने नीटही दिली आणि सीईटीही दिली. नीटमध्ये पशुवैद्यकाइतके गुण आले नाहीत. पण सीईटी चांगली गेली, आणि तिला कृषी पदवीला जागा मिळाली. जनावरांची डॉक्टर ती झाली नाही. परवा सुट्टीत आली होती, तेव्हा वडिलांना पोफळीच्या गळीबद्दल काहीतरी समजावून सांगत होती आणि तो बाप, ज्याला आजवर बागेतले कोणी काही शिकवले नव्हते, मान हलवत ऐकत होता.

तिचा धाकटा भाऊ आता अकरावीला आहे. त्याच्या जात वैधतेचा प्रस्ताव गेला आहे. भिंतीवर नवे कॅलेंडर आहे, आणि त्यावर लाल पेन्सिलीच्या खुणा बापाने आताच करून ठेवल्या आहेत.

आपल्याही घरात शिकणारे मूल असेल, तर आज रात्री जेवणे झाल्यावर भिंतीवरचे कॅलेंडर खाली काढा. सगळे मिळून बसा, आणि पहिली खूण करा.